गंधवाफ्याच्या नोंदी : सेलू तालुका, वर्धा जिल्हा

१८ जानेवारी २०२४

आज मोगऱ्याची छाटणी संपली आणि या वहीचे पहिले पान सुरू केले. विहिरीच्या पूर्वेला आठ गुंठ्यांचा जो तुकडा आहे, त्यात गेली काही वर्षे आम्ही वासाची फुलझाडे लावत आलो आहोत. परंतु कोणते झाड नेमके कोणत्या वेळी, किती अंतरापर्यंत आणि किती काळ वास देते, हे आजवर घरात कोणीही लिहून ठेवलेले नाही. मोगरा संध्याकाळी उमलतो आणि पारिजातक पहाटे गळतो, एवढे सर्वांनाच ठाऊक असते. झाड कोठे लावावे, फूल केव्हा तोडावे आणि गोठ्याजवळ काय असू नये, हे ठरवायला मात्र तेवढी माहिती पुरत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून हे पूर्ण वर्ष मी या तुकड्यातील प्रत्येक वासाची नोंद ठेवणार आहे, मग तो वास देवाच्या ताटात ठेवण्याजोगा असो किंवा नाकाला पदर लावायला लावणारा असो.

नोंदीची पद्धत साधी ठेवली आहे. वाऱ्याकडे तोंड करून झाडापासून दूर चालत जायचे आणि वास जेथे तुटतो तेथपर्यंतची पावले मोजायची. सोबत वेळ, तापमापीवरील आकडा, वाऱ्याची दिशा आणि फुलावर आलेला जीव, एवढे लिहायचे. एकाच नाकावर विसंबता येत नाही, म्हणून मी, आत्याबाई आणि नववीत शिकणारी पुतणी अशा तिघी मिळून नोंद करू. वासाजवळ थोडा वेळ थांबले की नाक त्याला सरावते आणि वास नाहीसा झाल्यासारखा वाटतो. त्यामुळे दर वेळी विहिरीपलीकडे जाऊन, मोकळ्या हवेत काही मिनिटे उभे राहून, मगच पुन्हा झाडाकडे यायचे, असा नियम केला आहे.

मोगऱ्याची तीस झाडे आहेत. डिसेंबरपासून त्यांचे पाणी बंद होते. पाने पिवळी पडून गळाली, फांद्या कडक झाल्या, तेव्हा जमिनीपासून सुमारे दीड फुटावर त्या कापल्या. आता प्रत्येक झाडाला दोन टोपली शेणखत दिले असून उद्या पहिले ओलीत करू.

६ फेब्रुवारी

सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रातून मातीचा अहवाल मिळाला. सामू (पीएच) ८.१ आणि चुनखडीचे प्रमाण अधिक, म्हणजे आमच्या भागातल्या काळ्या मातीत जे अपेक्षित असते तेच. अनंताच्या चारही झाडांची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या का दिसतात, याचे कारण यात सापडले. मातीत लोह असते, परंतु चुनखडीच्या जमिनीत ते झाडाला घेता येत नाही. मागील वर्षी मी हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, मुळाशी घातला होता आणि काहीही फरक पडला नव्हता. चुनखडी त्याला मातीतच बांधून ठेवते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते. आज एका लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून सकाळी आठच्या आत पानांवर फवारणी केली. दहा दिवसांच्या अंतराने आणखी दोन फवारण्या करायच्या आहेत.

अनंत मुळात आम्लधर्मी मातीचे झाड आहे. काळ्या जमिनीत ते लावायचे असेल तर तीन फुटांचा खड्डा घेऊन त्यात लाल माती, कुजलेला पालापाचोळा आणि शेणखत भरावे लागते. तसे आम्ही केले नाही, त्याचे फळ आता भोगत आहोत.

१७ मार्च

मोगऱ्याला कळ्या धरल्या. अनंताची नवी पाने हिरवी निघाली आहेत.

आज पहाटे बोरच्या जंगलाच्या बाजूला असलेल्या नातेवाइकांकडून परत येताना वाटेत मोहाखाली थांबलो. हे झाड आमच्या तुकड्यात नाही, तरीही त्याची नोंद येथे केली पाहिजे, कारण विदर्भातील वासाच्या फुलांविषयी लिहिताना मोहाला वगळणे मला योग्य वाटत नाही. रात्री उमललेली फुले पहाटे गळतात आणि दहिवर उतरलेल्या पाचोळ्यावर पिवळसर मण्यांसारखी पसरतात. त्यांचा वास गोड आहे, परंतु त्या गोडीखाली आंबलेपणाची, किंचित उग्र अशी दुसरी छटा आहे. हा वास वटवाघळांसाठी आहे; ती रात्री येऊन रसाळ पाकळ्या खातात आणि परागकण एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात. फिकट रंग, रात्रीची वेळ आणि दाट, आंबूस वास ही वटवाघळांवर अवलंबून असलेल्या पुष्कळ फुलांची लक्षणे आहेत. आत्याबाईंना तो वास अतिशय प्रिय आहे आणि पुतणीला तो सहन होत नाही. दोघींनी एकाच फुलाचा, एकाच वेळी वास घेतला होता. तेव्हा नोंदवहीतील ‘सुवास’ आणि ‘दुर्गंध’ असे दोन रकाने खोडून मी ‘वासाचे वर्णन’ असा एकच रकाना केला.

९ एप्रिल

आज पाडवा. पहाटे साडेपाचला तोडणी केली. ज्या कळ्या पूर्ण वाढलेल्या, पांढऱ्याशुभ्र, परंतु मिटलेल्या होत्या, तेवढ्याच घेतल्या. हिरवट कळी तोडली तर ती संध्याकाळी उमलत नाही आणि तिला वासही येत नाही. फुलांचा खरा वास तोडणीच्या वेळी नसतोच. कळी दिवसभर ओल्या कापडात राहते आणि दिवेलागणीनंतर उमलू लागते, तेव्हा तो सुटतो.

झाडावर राखलेल्या कळ्यांची नोंद अशी आहे. सायंकाळी सहाला वास जवळजवळ नाही. साडेसातला कळीचे टोक सुटले आणि सहा पावलांवर वास आला. नऊला पूर्ण उमलल्यावर तो चाळीस पावलांवर, विहिरीच्या काठापर्यंत पोहोचला. पहाटे चारला तो पंधरा पावलांवर आला होता, आणि त्यात आता कुबटपणाची छटा मिसळली होती.

या कुबटपणाचे मला नेहमी नवल वाटत असे. मोगऱ्याच्या सुवासात बेंझिल ॲसिटेट, लिनालूल अशा गोड वासाच्या द्रव्यांबरोबरच इंडोल नावाचे एक द्रव्य असते, आणि हेच इंडोल विष्ठेतही असते. अत्यल्प प्रमाणात ते फुलाच्या वासाला दाटपणा व भारदस्तपणा देते. त्याचे प्रमाण वाढले की तेच नाकाला खुपते. बंद खोलीत रात्रभर ठेवलेले गजरे सकाळी नकोसे का वाटतात, याचा काहीसा उलगडा यातून होतो. उकिरडा आणि देवघर यांमधील अंतर फुलाच्या हिशेबी फार थोडे आहे, हे कळल्यापासून मी मोगऱ्याकडे अधिकच आदराने पाहते.

फुलावर आलेले जीव : रात्री साडेनऊला दोन राखाडी पतंग. दिवसा एकही नाही.

२८ एप्रिल

निशिगंधाचे कंद लावले. गादीवाफे नऊ इंच उंच केले आहेत, कारण आमची जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. सपाट वाफ्यात कंद कुजतात. एकेरी फुलांचे कंद घेतले. दुहेरी फूल बाजारात भरगच्च दिसते, परंतु वास एकेरीलाच अधिक असतो. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा आहे. वाफ्यांवर हरभऱ्याचे कुटार अंथरले.

२१ मे

दुपारी दोनला सावलीत ४५ अंश. पश्चिमेकडून झळा येत आहेत. अनंतावर तुराट्यांचा मांडव करून वर हिरवी जाळी टाकली आहे. मोगरा या उन्हातही फुलतो; पाणी नियमित मिळाले तर उष्णता त्याला मानवते, मात्र फुले लहान होतात.

आज एक चूक उघडकीस आली आणि ती या वहीमुळेच उघडकीस आली. दोन वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून ‘रातराणी’ म्हणून दोन झाडे आणली होती. त्यांपैकी एक अंगणात लावले आणि दुसरे गोठ्यामागच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. अंगणातल्या झाडाची नोंद ठरल्याप्रमाणे आहे : सायंकाळी आठनंतर वास सुरू, अकराच्या सुमारास पन्नास पावलांपर्यंत, सकाळी शून्य. धुऱ्यावरच्या झाडाच्या रकान्यात मात्र सलग चार दिवस दुपारी बारा ते चार या वेळेत वास आणि रात्री काहीच नाही, असे लिहिलेले आढळले. पुतणीने वेळ चुकीची लिहिली असावी असे मला प्रथम वाटले, म्हणून मी स्वतः भर दुपारी तेथे जाऊन उभी राहिले. नोंद बरोबर होती. झाडावर गेल्या बहराची काळी फळे होती. रातराणीची फळे पांढरी असतात. म्हणजे हे झाड रातराणी नसून तिच्याच कुळातील दिन का राजा आहे.

नाव चुकले एवढ्यावर हे थांबले असते तर मी त्याची फारशी चिंता केली नसती. परंतु दिन का राजाच्या पानांत ड जीवनसत्त्वाचे प्रभावी रूप असते. जनावरांनी ती पाने वारंवार खाल्ली तर रक्तात कॅल्शियम वाढते, ते रक्तवाहिन्यांत आणि स्नायूंच्या बंधांत साचते, जनावर खंगते आणि लंगडू लागते. हे झाड आमच्या गोठ्यापासून दहा पावलांवर होते आणि छाटलेल्या फांद्या आम्ही तेथेच टाकत होतो. आजच ते मुळासकट काढले आणि फांद्या वाळवून जाळायला ठेवल्या. गाईची तपासणी करून घेतली. तिच्यात कोणतेही लक्षण नाही. या गोष्टीने मला फार अस्वस्थ केले आहे. वासाचे झाड विकत घेताना ते कोणत्या वेळी वास देते आणि त्याची फळे कोणत्या रंगाची असतात, एवढे दोन प्रश्न प्रत्येकाने विचारावेत, असे मी घरोघरी सांगणार आहे.

२ जून

जुन्या केळीच्या पट्ट्यात सुरणाचे दोन कोंब निघाले आहेत, आणि ते पानाचे नाहीत.

सेलूचा परिसर एकेकाळी केळीसाठी ओळखला जात असे. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्या काळात केळीच्या ओळींमध्ये सुरण लावला होता. पुढे केळी गेली, सुरणही काढला. परंतु बांधालगतचे काही कंद जमिनीतच राहिले. सुरणाचे पीक आठ-नऊ महिन्यांत खणून काढतात, म्हणून सुरण लावणाऱ्या शेतकऱ्यालाही त्याचे फूल सहसा पाहायला मिळत नाही. कंद अनेक वर्षे जमिनीत राहून पुरेसा मोठा झाला तरच तो फुलोरा टाकतो. तोही पान येण्याआधी, उन्हाळा संपता संपता, नुसत्या उघड्या मातीतून. आत्याबाई म्हणाल्या, “तुमचे मामाजी होते तवा एकदा आलं होतं हे. तीन दिवस कोनी तिकडं फिरकलं नाही.”

पानाचा कोंब निमुळता, हिरवट असतो. हे दोन्ही कोंब जाड, काळपट जांभळे आणि बुटके आहेत. एक दुसऱ्यापेक्षा चार बोटे पुढे आहे.

८ जून

काल मृग लागला. पाऊस नाही, परंतु हवा दमट झाली आहे.

सायंकाळी साडेपाचला मोठा कोंब उघडू लागला. पाऊण तासात त्याचा महाछद, म्हणजे फुलोऱ्याभोवतीचे झालरीसारखे मोठे आवरण, पूर्ण पसरला. त्याची रुंदी माझ्या वीतभर हाताने दीड वीत भरली. बाहेरून तो हिरवट, त्यावर पांढरे ठिपके, आतून मात्र गडद जांभळा. मधोमध सुरकुतलेल्या मेंदूसारखा दिसणारा जांभळा गोळा. त्या गोळ्याखाली, बाहेरून न दिसणारी, पुंपुष्पांची रांग आणि तिच्याही खाली स्त्रीपुष्पांची रांग असते. आपण ज्याला सुरणाचे फूल म्हणतो, ती खरे तर शेकडो बारीक फुलांची एक वसाहत आहे.

साडेसहापर्यंत वास नव्हता. पावणेसातला एकाएकी सुरू झाला. मेलेल्या जनावराचा, दोन-तीन दिवस उन्हात राहिलेल्या मांसाचा वास. त्याला दुसरे कोणतेही शब्द लागू पडणार नाहीत. साडेआठला तो पूर्वेकडे १४० पावलांपर्यंत जात होता आणि पश्चिमेला, वाऱ्याच्या विरुद्ध, फक्त तीस पावलांपर्यंत. आमचे घर पश्चिमेला आहे, म्हणून आम्ही निभावलो. शेजारच्या वावरातले सालदार मात्र टॉर्च घेऊन आले. “काकू, इकडं कुत्रं मेलं काय जी? जेवू देऊन नाही राह्यला वास.” मी त्यांना फुलाजवळ नेले. त्यांनी दुपट्टा नाकाला लावला, तरी बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, “एवढी वर्सं सुरन खाल्ला, पन याचं फूल आजच पाह्यलं.”

रात्री नऊला हवेचे तापमान ३१ अंश होते आणि गोळ्याला टेकवलेल्या तापमापीने ३६ दाखवले. हाताला तो गोळा स्पष्टपणे कोमट लागत होता. पुतणीला हे खरे वाटेना, म्हणून तिने तीनदा मोजले. अळूच्या कुळातील अनेक फुलोरे असे तापतात. हे प्रथम लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १७७८ साली नोंदवले होते. फुलोरा आपल्यात साठवलेले पिष्ट वेगाने जाळतो आणि त्या उष्णतेने वासाची द्रव्ये हवेत उधळली जातात. हे तापणे सुरू करण्याची आज्ञा सॅलिसिलिक आम्ल देते, हे याच कुळातील दुसऱ्या एका वनस्पतीवर १९८७ साली सिद्ध झाले. सडक्या मांसाच्या वासामागे गंधकयुक्त द्रव्ये असतात, आणि कुजणाऱ्या खऱ्या मांसातूनही तीच निघतात. भुंगेरे आणि माशा फसतात यात नवल नाही. त्यांच्यापुढे आलेली खूण खऱ्यापेक्षा वेगळी नसतेच.

सुमात्रा बेटावरचा महाकाय सुरण सर्व जगाला ठाऊक आहे. इटलीच्या ओदोआर्दो बेक्कारी यांनी १८७८ साली तो पाहिला, १८८९ साली तो लंडनजवळच्या क्यू उद्यानात फुलला, आणि आजही एखाद्या उद्यानात तो फुलला की लोक रांगा लावतात. त्याचा फुलोरा पुरुषभर उंचीहूनही मोठा होतो. आमच्या बांधावरचा सुरण त्याच प्रजातीसमूहातला त्याचा सख्खा नातलग आहे, आणि आपण मात्र तो फक्त चिंचेबरोबर शिजवण्यापुरता ओळखतो.

फुलावर आलेले जीव : काळे, तांदळाएवढे भुंगेरे, मोजले तेव्हा सतरा; निळ्या माशा, असंख्य.

९ जून

पहाटे सहाला वास वीस पावलांवर आला होता. दुपारी जवळजवळ नाही. गोळा हवेइतकाच गार.

सायंकाळी पाचला पहिल्या फुलोऱ्यातील पुंपुष्पांतून पिवळे पराग ओल्या रव्यासारखे बाहेर पडू लागले. येथे या फुलाची खरी हुशारी आहे. पहिल्या संध्याकाळी स्त्रीपुष्पे परागासाठी तयार असतात, तेव्हा त्याच फुलोऱ्यातील पराग बाहेर आलेले नसतात. आणि दुसऱ्या दिवशी पराग बाहेर पडतात, तेव्हा स्त्रीपुष्पांची वेळ टळून गेलेली असते. त्यामुळे एकच फुलोरा असेल तर त्याला फळ धरत नाही. जवळपास दुसरा फुलोरा हवा आणि दोघांत एका दिवसाचे अंतर हवे.

आमचा दुसरा कोंब नेमका आज सायंकाळी सहाला उघडला. मी कोऱ्या कागदावर पहिल्याचे पराग झटकून घेतले. दुसऱ्याच्या महाछदाला बुडाशी धारदार पात्याने चार बोटे रुंद खिडकी कापली, आणि रात्री नऊला, वास सर्वाधिक असताना, रंगकामाच्या मऊ कुंचल्याने ते पराग स्त्रीपुष्पांच्या चिकट टोकांवर लावले. नाकाला दोन पदरी कापड बांधले होते, तरी डोळ्यांना पाणी येत होते. हातांत रबरी मोजे होते. सुरणाच्या सर्व अंगांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते त्वचेत रुतले की तासन्‌तास खाज सुटते. कापलेली खिडकी पुन्हा जागेवर बसवून सुतळीने बांधली.

या कामाला वीस मिनिटे लागली. माझ्या शेतीतील इतर कोणत्याही वीस मिनिटांपेक्षा ती मला अधिक मोलाची वाटली.

१२ जून

दोन्ही फुलोरे लोळले. पहिला पाऊस झाला. वास संपला. सालदार दुपारी मुद्दाम विचारायला आले, फूल गेले काय म्हणून.

१४ जुलै

रात्री रानडुकरांनी निशिगंधाचे दोन वाफे उकरले. फळ धरू पाहणाऱ्या सुरणाभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले. पहिल्या फुलोऱ्याचा दांडा सुकून पडला. दुसऱ्याचा दांडा उंच होत असून त्यावर हिरव्या गाठी दिसत आहेत.

३ सप्टेंबर

काल पोळा झाला. आज तान्हा पोळा असल्याने मुले दिवसभर अंगणात होती आणि एका नोंदीला आपोआप बरेच साक्षीदार मिळाले.

कुंडीतल्या स्टॅपेलियाला पहिले फूल आले. ही निवडुंगासारखी दिसणारी वनस्पती मूळची दक्षिण आफ्रिकेची. वर्ध्याच्या एका परिचित बाईंनी तिची एक फांदी दिली होती. निम्मा मुरूम आणि निम्मी वाळू अशा मिश्रणात ती लावली असून पावसात भिजू नये म्हणून पडवीत ठेवली आहे. गेले आठ दिवस फुगलेल्या कागदी पिशवीसारखी कळी दिसत होती. आज सकाळी दहाला ती पाच टोकांची चांदणी होऊन उघडली, वीतभर रुंद, फिकट पिवळी, तांबड्या बारीक रेघांची, आणि कडेला जनावराच्या कातड्यावर असतात तशी लव.

वास सुरणाच्याच जातीचा आहे, पण सहा पावलांपलीकडे जात नाही. सुरण स्वतः तापून वास दूर फेकतो, तर स्टॅपेलियाचे फूल जमिनीलगत राहते आणि कातड्यासारख्या रंगरूपानेही माशीला जवळ बोलावते. दुपारी निळ्या माशांनी फुलाच्या मध्यभागी पांढरी अंडी घातली. त्यांतून अळ्या निघाल्या तरी त्यांना खायला तेथे काहीही नाही, त्या मरणार. माशीचे हे नुकसान पाहून मुलांना वाईट वाटले, आणि त्यांचे वाटणे मला बरोबर वाटले.

पारिजातकाची नोंद : सायंकाळी साडेसातला उमलणे सुरू, दहाला पंचवीस पावले, पहाटे पाचला गळती. गळलेल्या फुलाचा वास झाडावरील फुलापेक्षा फार मंद.

१७ ऑक्टोबर

काल कोजागिरी. दूध आटवायला गल्लीतील मंडळी आमच्याच अंगणात जमली होती, आणि बरोबर त्याच रात्री ईशान्य कोपऱ्यातील सातवीण पूर्ण बहरात होती.

सातविणीचा वास वाईट नाही. दहा पावलांवरून आला तर मी त्याला सुंदरच म्हणेन. परंतु रात्री नऊनंतर तो इतका दाट झाला की दोघा वृद्धांचे डोके दुखू लागले आणि त्यांना घरात नेऊन बसवावे लागले. अंतर मोजायला निघाले तेव्हा २०० पावलांवर मी थांबले; वास त्यापुढेही होता. या वर्षातील कोणत्याही झाडाचा, सुरणाचाही, पल्ला एवढा भरला नव्हता.

चूक झाडाची नाही, जागेची आहे, हे वहीतील वाऱ्याचा रकाना पाहताच कळले. जूनमध्ये आमच्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. ऑक्टोबरमध्ये तो फिरतो आणि ईशान्येकडून, पूर्वेकडून वाहू लागतो. मामाजींनी सातवीण पाण्याच्या सोयीने त्या कोपऱ्यात लावली, आणि नेमकी तिच्या बहराच्या महिन्यात ती घराच्या वाऱ्यावर येते. सुरण घराच्या पूर्वेला असल्यामुळे जूनमध्ये त्याचा वास आमच्यापासून दूर गेला, ही केवळ सुदैवाची गोष्ट होती. झाड लावताना सूर्य आणि पाणी आपण पाहतो. वासाच्या झाडासाठी त्याचा बहर कोणत्या महिन्यात येतो आणि त्या महिन्यात वारा कोठून येतो, हेही पाहिले पाहिजे. सातवीण तोडण्याचा विषय आज घरात निघाला, मी त्याला स्पष्ट नकार दिला. तिच्या लाकडाच्या पाट्या एकेकाळी शाळांत वापरल्या जात, म्हणून तिच्या शास्त्रीय नावातच विद्यार्थ्यांचा उल्लेख आहे, आणि शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत पदवीदानाच्या वेळी विद्यार्थ्यांना तिचेच पान देण्याची परंपरा होती. पुढील कोजागिरी आम्ही घराच्या मागच्या अंगणात करू.

८ नोव्हेंबर

सुरणाची फळे रंगली. दांडा आता कमरेएवढा उंच असून त्याच्या वरच्या भागावर बोराएवढी फळे दाटीने लागली आहेत. वरची लाल, मधली नारिंगी, खालची अजून हिरवी. त्या कंदाला यंदा पान आलेच नाही. सर्व साठा फळात गेला. पहिल्या फुलोऱ्याच्या कंदाला जुलैअखेर एक लहान पान आले होते, ते आता पिवळे पडत आहे.

सकाळी सात वाजता बुलबुलांची जोडी लाल फळे खाताना दिसली. खाजऱ्या स्फटिकांनी भरलेले झाड आपले फळ पक्ष्याला मात्र खाऊ देते. वरच्या एक तृतीयांश फळांवरील हक्क बुलबुलांचा मानून उरलेल्या भागाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधला.

२४ नोव्हेंबर

मच्छरदाणीखालची ६१ फळे काढली. मोजे घालून गर धुतला. काही फळांत एक, काहींत दोन बी निघाले, एकूण ९४. सुरणाचे बी वाळले की त्याची उगवण जाते, म्हणून ते ओलसर असतानाच लाल माती, वाळू आणि कुजलेले शेणखत भरलेल्या ट्रेमध्ये अर्धा इंच खोल पेरले आणि ट्रे विहिरीजवळच्या सावलीत ठेवले. वीस बिया सालदारांनी मागून नेल्या. आपल्या बांधाच्या पूर्वेला लावा, पश्चिमेला नको, एवढे त्यांना सांगितले.

पुतणीने ट्रेवर तारखेची पट्टी लावली आहे. मोगऱ्याचे पाणी येत्या आठवड्यात बंद करायचे आहे.